किरणाच्या बांधीतलं पाणी

“पानी नाव इचारत नाही, उतार इचारते.”

तुलाराम पाणकर हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलायचा. धुऱ्यावर बोलायचा, लग्नाच्या पंगतीत बोलायचा, एकदा तर कुणाची मयत उचलतानाही बोलून गेला होता, तेव्हा त्याच्या बायकोनं, धुरपतानं, मागून त्याच्या दंडाला चिमटा काढला होता. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. मयत उतारानंच चालली होती.

त्याचं गाव करडी गावाच्या पुढे दोन कोसांवर. वर तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या. तलावाच्या पाळीच्या, मोठ्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं दगडी दार आहे, त्याला तुडुम म्हणतात. तुडुमाची खुंटी काढली की पाणी पहिल्या बांधीत उतरतं. ती भरली की तिच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड फोडायचं, पाणी दुसरीत जातं. दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत. स्वतःचा वेगळा पाट कुणालाच नाही. माझं पाणी तुझ्या बांधीतून येणार आणि तुझं माझ्या. म्हणून त्या गावात भांडणं पुष्कळ होत, पण अबोला कुणाला परवडत नसे.

कुणाच्या बांधीत पाणी किती वेळ थांबेल आणि कुणाचं तोंड कधी फोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. तुलारामचा आजा पाणकर होता, बाप पाणकर होता. खळ्यावर मळणी झाली की घरटी दोन पायल्या धान त्याच्या टोपल्यात पडायचं, आणि त्या धानापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, कुणी त्याला पाणी चोरताना पाहिलं नव्हतं. उंच, काटक, पोटऱ्यांच्या शिरा वेलीसारख्या वर आलेल्या. बसणं त्याला येतच नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा. बांधीतून पाणी वाहण्याचा आवाज बदलला तर घरात त्याच्या हातातला घास थांबे. धुरपता म्हणायची, “या मानसाले देवानं मांडीच देली नाही.”

आणि एक खोड होती त्याची, जी पुढं त्याला महाग पडली. जे त्याला ठाऊक नसे त्याला तो सरळ म्हणायचा, “मले मालूम नाही.” गावात असं म्हणणारा तो एकटाच असावा.

एकोणीसशे एकोणऐंशी साल. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, आषाढाचा चिखल, आणि दुकानदार धनीरामच्या रेडिओवर बातमी आली की आभाळातून काहीतरी पडणार आहे. गावाच्या कडेला आखर आहे, सकाळी तिथं गुरं जमतात, आणि गुरं रानात गेली की माणसं. धनीराम रेडिओ काखेत धरून तिथं उभा राहिला.

“इस्कायलॅब म्हंजे अमेरिकेनं आभाळात बांधलेलं घर. ते आता सुटलं. कुठं पडन, ते अमेरिकेलेच मालूम नाही.”

“घर हाये तं घरवाला कुठं गेला?” कुणीतरी विचारलं.

“घरवाला कवाचाच उतरला.”

“मंग किरायानं तरी द्याचं होतं. असं मोकळं सोडून कायले देलं?”

लोक हसले, पण दुसऱ्या दिवशी रोवणीच्या बायका घराबाहेर पडल्या नाहीत. मरायचंच असेल तर लेकराबाळांत मरू, चिखलात वाकून कायले मरू, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस बांध्या ओस पडल्या. बांधलेल्या पऱ्ह्यांच्या, उपटलेल्या रोपांच्या, जुड्या धुऱ्यावर पिवळ्या पडू लागल्या. तुलाराम तेवढा एकटा फिरत होता, खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवत. आखरावरून लोकांनी हाक मारली, “तुलाराम, पडन काय गा ते?”

“मले मालूम नाही. पऱ्हे म्हातारे होऊन रायले, एवढं मालूम हाये.”

ते घर लांब कुठंतरी समुद्रात आणि परक्या देशाच्या ओसाड रानात पडलं. गाव आपल्यावरच हसलं आणि रोवणीला लागलं. पण वर निवळ दिसणाऱ्या पाण्याच्या खाली चिखल तसाच असतो. त्या दोन दिवसांची भीती तशी खाली बसून राहिली. आभाळाकडे पाहायची एक नवीन सवय लोकांना लागली होती.

त्यावर पोळा आला, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शेतकीचा साहेब आला. सेवकरामच्या बांधीत त्यानं जूनमध्येच एक नवीन बियाणं पेरायला दिलं होतं. सेवकराम तिशीतला, मॅट्रिकपर्यंत गेलेला, बोलायला तिखट. त्याची बांधी तुडुमापासून दुसरी. धान खरंच देखणं उभं होतं, बुटकं, ताठ, पात्याला पातं लागलेलं. साहेबानं शाळेच्या व्हरांड्यात गाव जमवलं आणि आनंदाच्या भरात सांगून टाकलं की हे साधं बियाणं नाही, अणूच्या प्रयोगशाळेत याच्या मूळ दाण्यांवर किरणं सोडली, म्हणून याचा गुण बदलला, दांडा आखूड झाला. जाताना त्यानं बांधीत पत्र्याची पाटीही रोवली.

साहेबाची जीप चिखल उडवत गेली आणि व्हरांड्यात कुणीच उठेना.

“किरन म्हंजे बॉम्बातले काय?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

त्या दिवसापासून गावात दोन गावं झाली. एका बाजूला सेवकराम आणि धनीराम. जग चंद्रावर जाऊन आलं आणि तुमी धुऱ्यावर बसून रायले, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला वासुदेवराव. वासुदेवराव पंचांतला मोठा माणूस, सेवकरामच्या लगत खाली त्याच्या चार बांध्या. तो अडाणी नव्हता, आडमुठाही नव्हता. त्याची सून ललिता लग्नानंतर आठ वर्षांनी पहिल्यांदा गरोदर होती. घरात ती पाऊल टाकी तिथं तिची सासू आधी हात फिरवून खडा वेचायची.

“दान्यावर किरन सोडले तं दान्याचा वंश बदलला, हे साहेबच म्हनून गेला,” वासुदेवराव आखरावर बोलला. “मी काही माह्या मनचं नाही बोलत. दान्याचा बदलते तं मानसाचा काहून नाही बदलनार?”

“दाना खाल्ल्यानं होय काय तसं!” सेवकराम उसळला. “तुमच्या सुनेचा नागपूरच्या दवाखान्यात एक्सरे काढला होता ना जी? तेबी किरनच. तवा नाही भेव वाटला?”

वासुदेवरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढून घाम पुसला.

“काढला होता. त्याच्यानंतर पाच वर्सं कोरडे गेले. कशानं गेले, तू सांग मले.”

पण उत्तर नसलं म्हणून वाद थांबतो असं कुठं आहे? विहिरीवर बायका भांडल्या, न्हाव्यापाशी अर्धी दाढी झालेले पुरुष भांडले. सेवकरामच्या घरात आता कंदिलाला घासलेट लागत नाही, धानाच्याच उजेडात जेवतात, असं कुणी म्हणालं. सेवकरामच्या बायकोला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. जो तो तुलारामला गाठून विचारी, “पाणकर, तू कोनाकडून?”

“मी उताराकडून,” तो म्हणे आणि चालू लागे.

त्या बियाण्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडंच लागून राहील. ते विष निघालं नाही आणि सोनंही निघालं नाही. तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आखूड पडली म्हणून बैल तेवढे नाराज झाले. ललिताला माघात मुलगी झाली, सावळी आणि रडकी, सगळ्या मुलींसारखी. तीन-चार वर्षांत साहेब बदलला, बियाणं बदललं. चौऱ्याऐंशी साली आपल्या देशाचा माणूस आभाळात जाऊन आला, तेव्हा त्याच आखरावर, धनीरामच्या त्याच रेडिओभोवती, तेच लोक तेवढ्याच जोरानं भांडत होते. पण हे सगळं नंतरचं. एकोणऐंशीच्या भादव्यात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसतानाच माणसाला सगळं ठरवावं लागतं.

पोळ्याच्या दिवशी एक सर पडली, ती त्या सालची शेवटची. मग आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. बांध्यांतलं पाणी आटलं, चिखलाला भेगा पडल्या. नवरात्र आठ दिवसांवर आलं, धान गर्भात आलं. दांडा पोटुशा बाईसारखा मधोमध फुगतो, आतून लोंब वर सरकत असते. त्या आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं तर दाणा, नाही तर नुसता पोचा. तुडुमाजवळ सात दगडी पायऱ्या आहेत. पाणी पाचवीच्या खाली गेलं होतं. तुलाराम दिवसातून चार वेळा पायऱ्या उतरून पाहायचा, जणू तो गेल्यानं पाणी वर येणार होतं.

“पुरते,” त्यानं पंचांना सांगितलं. “हात राखून सोडलं तं शेवटच्या बांधीपर्यंत पुरते. पन आज सोडाले पायजे.”

पंच आखरावर बसले. वासुदेवरावानं सरळ सांगितलं, “पानी सोडा. पन सेवकरामच्या बांधीतून नाही. तिच्यात उभं रायलेलं पानी माह्या बांधीत येनार नाही. मी धान वाळू दीन, पन ते पानी घेनार नाही.” खालच्या बऱ्याच जणांनी माना हलवल्या. पाण्यासोबत किरण वाहत येईल ही गोष्ट त्यांना साधी वाटत होती. आजवर त्या गावात वरच्या बांधीतलं जे काही असे, ते सगळं खालच्या बांधीत आलेलंच होतं. शेण आलं होतं, गवताचं बी आलं होतं, कीड आली होती, मासे आले होते. मग किरण काहून येणार नाही?

ठरलं असं की सेवकरामची बांधी टाळून, बाजूच्या बरड माळावरून नवीन पाट खोदायचा. तुलाराम म्हणाला, बरड मुरमाचं आहे, पाणी पिऊन टाकेल. ते कुणी ऐकलं नाही. दोन दिवस साठ माणसं राबली. तिसऱ्या दिवशी सकाळी तुडुमाची खुंटी काढली. पाणी पाटातून निघालं, शंभर पावलं गेलं, दोनशे गेलं आणि मंद झालं. लोक काठाकाठानं त्याच्याबरोबर चालत होते. मग ते पाण्याच्या पुढं निघून गेले, मग थांबून मागं पाहू लागले. दुपारी पाणी जिथं होतं तिथंच संध्याकाळी होतं. बरड पीत होतं. तुलारामनं खुंटी बसवली आणि पायऱ्या उतरून पाहिलं. एक अख्खी पायरी गेली होती.

“तलावाच्या तळाची चिकनमाती आनून पाट लिपून काढू,” वासुदेवराव म्हणाला. “चार-पाच दिवस लागतीन.”

“धान पाच दिवस थांबनार नाही जी.”

“आन पोटातलं लेकरू? ते थांबन काय?”

तुलाराम फावडं खांद्यावर टाकून निघाला. घरी आला तर ताट वाढलेलं. एक गुडघा उभा करून बसला आणि दोन घासांनी उठला. धुरपता म्हणाली, “तुमी एवढे कायले जीव जाळता? पंच सांगतीन तसं करा.”

“आनंदाबाईची बांधी पायली काय तू?”

आनंदाबाई विधवा बाई, तिला एकच बांधी, आणि तीही सगळ्यांत शेवटची. तिच्या पलीकडे नुसता नाला. पाणी पोचायचंच असेल तर सगळ्यांच्या शेवटी तिच्याकडे.

“पायली,” धुरपता हळू आवाजात म्हणाली. “आन तुमची पाणकरी गेली तं? तुमी घरी बसून रायसान काय? चार दिवसांत भिंती खासान.”

रात्र त्यानं कशीतरी काढली. सकाळी करडीला जाऊन एसटी धरली आणि तालुक्याला साहेबाच्या हापिसात गेला. साहेबानं त्याला ओळखलं, खुर्ची दिली. तुलाराम खुर्चीच्या मागं उभा राहिला.

“साहेब, ते किरन पान्यात उतरते काय?”

साहेब हसला नाही, हे तुलारामला आवडलं. साहेबानं नीट सांगितलं की किरणं एकदाच, काही वर्षांआधी, मूळच्या दाण्यांवर सोडली होती. त्यानंतर त्याच्या कित्येक पिढ्या झाल्या. आता या धानात किरण नाही, नुसता बदललेला गुण आहे. पाण्यात उतरायला काही उरलेलंच नाही.

“तुमी पायलं काय जी हे?”

“पुस्तकात आहे. मोठमोठ्या लोकांनी तपासलंय.”

“तुमी खाल्लं काय त्याचा भात?”

“अजून पीकच कुठं निघालंय, पाणकर?”

परतीच्या एसटीत तुलाराम उभाच राहिला, जागा असून. साहेब खोटं बोलत नव्हता, हे त्याला डोळ्यांवरून कळलं होतं. पण साहेबानं पाहिलंही नव्हतं. त्यानं दुसऱ्याच्या पाहण्यावर विश्वास ठेवला होता. वासुदेवरावानंही पाहिलं नव्हतं, त्यानं आपल्या भीतीवर विश्वास ठेवला होता. दोघांच्या मधोमध उभं राहायला एवढीशीच जागा होती आणि तिथं तुलाराम एसटीच्या दांड्याला लटकल्यासारखा डुलत होता. खिडकीतून दोन्ही बाजूंच्या बांध्या पिवळ्या पडत मागं जात होत्या. त्या मात्र त्याला दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो तुडुमावर गेला. आधी नाही, नंतर नाही, मुद्दाम भर दुपारी, सगळं गाव जागं असताना. पाणकर चोरून पाणी देत नाही. त्यानं खुंटी काढली. पहिली बांधी ओलावली, भरली. मग तो सेवकरामच्या धुऱ्यावर आला आणि त्यानं फावड्यानं तोंड फोडलं. पाणी त्या बुटक्या, ताठ धानात शिरलं आणि पाटीच्या खांबाला वळसा घालून पसरलं. सेवकराम धावत आला, “काका! शाब्बास काका!” तुलारामनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाणी भरेपर्यंत तो तिथं येरझारा घालत राहिला. मग खालच्या धुऱ्यापाशी गेला. तिथं वासुदेवराव उभा होता.

“तुलाराम, पंचाचा शब्द हाये.”

“हाये जी. मी मोडून रायलो.”

“माह्या बांधीत हे पानी येनार नाही म्हनलं होतं मी.”

“म्हनलं होतं. मी पाणकर हावो, तोंड फोडनं माह्यं काम हाये. बुजवाचं असन तं तुमी तुमच्या हातानं बुजवा. मी आडवा येनार नाही.”

आणि त्यानं तोंड फोडलं. पाणी वासुदेवरावच्या पायांशी आलं. वासुदेवराव झटकन मागं सरकला. पाणी भेगांत शिरू लागलं आणि भेगांतून सुस्कारा टाकल्यासारखी हवा बाहेर येऊ लागली. भेगाळलेली बांधी पाणी पिते तेव्हा तिचा असा आवाज होतो, शेतकऱ्याला तो ऐकवत नाही आणि सोडवतही नाही. वासुदेवराव वाकला, त्यानं एक फुगलेला दांडा दोन बोटांत धरून दाबून पाहिला. आत लोंब होती. तो बराच वेळ तसाच वाकून होता. मग उभा राहिला आणि घराकडे गेला. धुऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

चार दिवस तुलाराम पाण्याबरोबर उतरत होता. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाठ फिरवली, पण कुणीही आपल्या धुऱ्याचं तोंड बुजवलं नाही. मात्र एकही माणूस त्या पाण्यात उतरला नाही. निंदायला नाही, भेग दाबायला नाही. सगळे काठावरून पाहत राहिले, चपला घालून. चारही दिवस तो एकटाच मांड्यांपर्यंत ओला होता.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी आनंदाबाईच्या बांधीत पोचलं. त्या गावची एक रीत होती. शेवटच्या बांधीत पाणी आलं की पाणकरानं त्यातलं ओंजळभर, बांधीच्या मालकासमोर, पिऊन दाखवायचं आणि म्हणायचं, “पोचलं.” तेवढं झालं की पाण्याच्या त्या पाळीचा हिशेब मिटला, कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. तुलारामनं हे तीस वर्षं केलं होतं. कधी पाण्यात गोगलगाय असे, कधी शेणाचा वास असे, तो डोळे मिटून पिऊन टाके.

आनंदाबाई धुऱ्यावर उभी होती, डोक्यावरचा पदर दातांत धरून. तुलारामनं ओंजळ भरली. ओंजळीतलं पाणी गढूळ, कोमट, एक काडी तरंगत होती. त्यानं ती काडी फुंकून बाजूला केली. आणि मग त्याचे हात वर येईनात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाणी पाहून पाण्याशिवाय दुसरं काही आठवलं. साहेबाचा चेहरा आठवला, ललिताचं जड झालेलं पाऊल आठवलं, पत्र्याची पाटी आठवली. बोटांच्या फटींतून थेंब गळत होते. थोडा वेळ असाच थांबला असता तर ओंजळ आपोआप रिकामी झाली असती, आणि हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

“राहू द्या भाऊ,” आनंदाबाई म्हणाली. “मी कोनाले सांगत नाही.”

तो प्याला.

“पोचलं,” तो म्हणाला.

“कसं लागते?”

“पानी लागते.”

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी, पंच आखरावर बसले. अख्खं गाव जमलं. तुलाराम उभाच होता, या पायावरून त्या पायावर. वासुदेवरावचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता.

“तुलाराम, धान वाचलं. मी नाही म्हनत नाही. खोटं बोलाचं वय नाही राह्यलं माह्यं. पन पंचाचा शब्द मोडला. तू एवढंच म्हन, चुकलो. पाणकरी तुह्याचकडे राहीन.”

“चुकलो असं वाटत नाही जी मले.”

कुजबुज झाली. सेवकराम पुढं आला, त्याचे डोळे चमकत होते. “मंग सांगा ना काका, सगळ्याइले सांगा! पानी साफ हाये म्हना. तुमी साहेबाले भेटून आले, तुमी पेलेबी. तुमच्या तोंडून निंघालं तं हा वाद आजच मिटते.”

तुलारामनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा खरंच आशेनं पाहत होता. त्याच्या बायकोनं महिनाभर एकटीनं विहिरीवर पाणी भरलं होतं.

“पेलो,” तुलाराम म्हणाला. “पन साफ हाये का नाही, ते मले मालूम नाही.”

“मालूम नाही?” सेवकरामचा आवाज चिरला. “मंग सोडलं कायले?”

“धान वाळून रायलं होतं, ते दिसत होतं. किरन दिसत नव्हते. दिसत होतं त्याचं केलं.”

“असं कसं गा!” धनीराम ओरडला. “आर हो नाही तं पार हो! मधात उभा रायल्यानं चालते काय?”

मग आखर पेटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच दोन्ही बाजू एका बाजूनं बोलत होत्या. एकाला त्यानं चुकलो म्हणायला हवं होतं, दुसऱ्याला बरोबर केलं म्हणायला हवं होतं, आणि दोघांनाही त्याचं ‘मालूम नाही’ सोसवत नव्हतं. कुणी म्हणालं, याला अक्कलच नाही. कुणी म्हणालं, याला साहेबानं काही दिलं असेल. साठ-सत्तर वर्षं ज्या घराण्यानं या गावाला पाणी दिलं, त्या घराण्याला हे ऐकावं लागत होतं.

वासुदेवरावानं हात वर केला. आवाज खाली बसला. तो उठून तुलारामच्या अगदी जवळ आला आणि एवढ्या हळू बोलला की पुढच्या रांगेतल्या दोघांनाच ऐकू गेलं.

“माही सून सकाळी इचारत होती, तुलाराम मामाजी काय म्हनते म्हून. तिचा तुह्यावर भरोसा हाये. तिले जाऊन काय सांगू मी?”

एक शब्द बोलला असता तर ती पोर त्या रात्री सुखानं जेवली असती. तुलारामच्या तोंडापर्यंत तो शब्द आला. वासुदेवरावचे डोळे त्याच्या ओठांवर होते, विहिरीत सोडलेल्या दोराकडे पाहावं तसे. तुलारामनं तो शब्द गिळला. ओंजळीतलं पाणी गिळण्यापेक्षा ते जड गेलं.

“सांगा जी,” तो म्हणाला, “मालूम नाही म्हनते. कोठीत मागच्या सालचं जुनं धान असन तं बाळंत होतवरी तिले तेच शिजवून द्या. नसन तं माह्या घरून न्या.”

वासुदेवराव मागं वळला.

“आन पंचाचा शब्द मोडनारा पाणकर राहत नाही,” तुलाराम आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “हे माह्या आज्यानंच ठरवलं होतं, तुमाले सांगाची गरज नाही. तुडुमाची खुंटी बसवली हाये, आन पाणकरीचं फावडं मी मारुतीच्या देवळात ठेवून आलो. ज्याच्या हाती द्याची त्याच्या हाती द्या.”

तो आखरावरून निघाला. त्याच्या घराची वाट डावीकडे होती, धुरपता दारात असणार होती. तो उजवीकडे वळला, करडीच्या रस्त्याला, जिथं त्याचं काहीच काम नव्हतं. मागं आवाज पुन्हा वाढले. कुणाच्या हाती फावडं द्यायचं यावर भांडण सुरूही झालं होतं. थोड्या वेळानं आखरावरचं कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

पाहत होती ती एकटी आनंदाबाई. रस्ता तिच्या बांधीला खेटून जातो. बांधीत घोटाभर पाणी उभं होतं, मावळतीच्या उजेडात तांबूस, आणि त्यात धानाचे दांडे सरळ झाले होते. एका कोपऱ्यात पाणी झिरपून नाल्याकडे चाललं होतं. उतरून पायानं चिखल दाबला असता तर ते थांबलं असतं. आनंदाबाई तिथंच, कोरड्या धुऱ्यावर, लुगडं दोन्ही हातांनी घोट्याच्या वर धरून उभी होती. तुलारामनं ते गळणारं पाणी पाहिलं. त्याचं पाऊल क्षणभर अडखळलं, सवयीनं. मग तो पुढं चालू लागला, नेहमीपेक्षा जोरानं.

तिनं त्याला हाक मारली नाही. पाण्यातही उतरली नाही. तो पळसाच्या झाडांआड दिसेनासा होईपर्यंत ती आळीपाळीनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्या पायांकडे पाहत राहिली.